एकांत मागितला, गर्दी मिळाली

रूममध्ये चौघं, मोबाइलवर सतराशे साठ ग्रुप. कधी कधी वाटतं ना, सगळं सोडून कुठे तरी लांब निघून जावं? इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर एकाने ते खरंच केलं. नाव कथबर्ट, साल ६७६.

तुम्ही बारावीला असता, साधारण त्या वयात, ६५१ मध्ये, तो मेलरोजच्या मठात दाखल झाला. पुढे लिंडिसफार्न बेटावरच्या मठाचा कारभारही पाहिला. पण ओढ एकांताचीच. शेवटी त्याने भर समुद्रातलं इनर फार्न हे उजाड बेट गाठलं. खोली बांधली आणि भोवती इतकी उंच भिंत घातली, की आतून फक्त आभाळ दिसावं! गहू उगवेना, म्हणून सातू पेरला. पाखरं दाणे टिपायला आली, तर यानं त्यांना नुसतं दटावलं आणि ती निमूट उडून गेली, असं त्याच्या चरित्रात आहे.

पाखरं ऐकायची, माणसं कुठली ऐकायला! आपापली दुःखं घेऊन लोक होड्यांतून तिथेही पोहोचले. आधी तो बाहेर येऊन पाहुण्यांचे पाय धुवायचा, नंतर खिडकीतूनच बोलू लागला. पण होड्या लागत तिथे पाहुण्यांसाठी घर मात्र त्यानेच बांधलं होतं. मला तर हा माणूस इथेच आवडला. पुढे खुद्द राजा बेटावर आला आणि ६८५ मध्ये याला बिशप व्हावंच लागलं. दोनेक वर्षांत तो बेटावर परतला आणि २० मार्च ६८७ रोजी तिथेच गेला.

मला इथेच पुरा, नाही तर आसऱ्याला येणारे गुन्हेगार तुमच्या डोक्याला ताप होतील, असं त्याने मठवासीयांना बजावलं होतं. त्यांनी फारच गळ घातली, तेव्हा तो कबूल झाला. अकरा वर्षांनी पेटी उघडली, तर देह जसाच्या तसा, अशी श्रद्धा आहे. मग काय, यात्राच सुरू! व्हायकिंगांच्या भीतीने ८७५ मध्ये मठवासी ती पेटी घेऊन निघाले, वर्षानुवर्षं फिरले. ९९५ मध्ये ती डरहमला पोहोचली. आज तिथल्या भव्य कॅथेड्रलमध्ये, मुख्य वेदीच्या मागे, त्याच्या नावाची साधी फरशी आहे. लोक अजूनही तिथे मेणबत्त्या लावतात.

इनर फार्नवर दर वसंतात आयडर बदकं घरटी करतात. तिथले लोक त्यांना लाडाने कथबर्टची बदकं म्हणतात.