ड्वाइट डी. आयझेनहॉवर
ड्वाइट डेव्हिड आयझेनहॉवर (१४ ऑक्टोबर, १८९० – २८ मार्च, १९६९) हे अमेरिकेचे सेनानी व ३४ वे राष्ट्राध्यक्ष (१९५३–१९६१) होते. टेक्सासमधील डेनिसन येथे जन्मलेले आयझेनहॉवर कॅन्ससमधील ॲबिलीन गावी वाढले आणि १९१५ मध्ये वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीतून पदवीधर झाले. ६ जून, १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर झालेली दोस्त राष्ट्रांची चढाई त्यांच्याच सर्वोच्च नेतृत्वाखाली झाली.

युद्धातून सुखरूप परतलेल्या या सेनानीला पुढे प्रकृतीशी दीर्घकाळ झुंजावे लागले. सप्टेंबर १९५५ मध्ये डेन्व्हर येथे मुक्कामी असताना त्यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला. प्रारंभी ते अपचनाचे दुखणे समजले गेले. पुढचे सुमारे सात आठवडे त्यांना रुग्णालयात काढावे लागले. १९५६ मध्ये आतड्यावर शस्त्रक्रिया झाली, तरी त्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले. १९५७ मध्ये त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. १९६८ मध्ये तर हृदयविकाराचे झटके एकामागून एक येत गेले. अखेर हृदय निकामी होऊन वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

शवविच्छेदनात त्यांच्या डाव्या अधिवृक्क ग्रंथीत सुमारे दीड सेंटिमीटरची गाठ आढळली. ती फिओक्रोमोसायटोमा या दुर्मीळ प्रकारची होती. अशी गाठ ॲड्रेनॅलीन व तत्सम संप्रेरके अवेळी रक्तात सोडते. त्यामुळे रक्तदाब एकाएकी उसळतो, छाती धडधडते, डोके ठणकते, दरदरून घाम फुटतो. संप्रेरकांचा हा मारा हृदयाच्या स्नायूंना दुबळे करतो. क्वचित फुप्फुसांत पाणी साचून श्वास कोंडतो.

आयझेनहॉवर यांचा रक्तदाब अनेकदा अचानक वाढत असे. त्यांचा तापटपणाही सर्वश्रुत होता. रक्तदाबाचा संबंध रागाशी जोडणे तेव्हा स्वाभाविकच होते. वस्तुतः ही गाठ शस्त्रक्रियेने काढता येते, हे १९२६ मध्येच स्वित्झर्लंड व अमेरिकेत सिद्ध झाले होते. मात्र त्यांच्या साऱ्या हृदयविकाराचा दोष या गाठीला देणे योग्य ठरणार नाही. १९४९ पर्यंत ते दिवसाला चार-चार पाकिटे सिगारेट ओढत, आणि त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार निर्विवाद होता. गाठीने त्यात किती भर घातली, हे मोजण्याची वेळ निदानाआधीच टळून गेली होती.

त्यांचे दफन ॲबिलीन येथे, १९२१ मध्ये बालपणीच दगावलेल्या थोरल्या मुलाशेजारी करण्यात आले आहे.