सरखेल कान्होजी आंग्रे

मांजरेच्या खोऱ्यातील वाचकाला समुद्र भेटतो तो बहुधा ग्रंथातून. या ग्रंथगत समुद्रावर मराठ्यांचा दरारा ज्यांनी बसविला, त्या कान्होजी आंग्रे यांचे घराणेही मूळचे घाटावरचेच. पुण्यानजीकच्या आंगरवाडीचे संकपाळ. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या आरमारात होते. 1669 च्या सुमारास जन्मलेले कान्होजी सुवर्णदुर्गाच्या रक्षणात नावारूपास आले आणि 1698 मध्ये सिधोजी गुजर यांच्या पश्चात आरमाराचे धनी झाले.

त्यांचे आरमार मोठ्या जहाजांचे नव्हते. दोन-तीन डोलकाठ्यांचा, नाळेवरून पुढे तोफा डागणारा गुराब आणि वल्ह्यांनी चालणारे चपळ गलबत, एवढीच मुख्य सामग्री. वारा पडला की गलबते गुराबांना ओढीत नेत आणि खोळंबलेल्या शत्रूला पिछाडीने गाठीत. खोल तळाची विलायती जहाजे ज्या उथळ खाड्यांत शिरू शकत नसत, त्या खाड्या कोळी, भंडारी व गाबीत खलाशांच्या अंगणासारख्या होत्या.

इंग्रजांनी कान्होजींना चाचा ठरविले. कान्होजींचा आग्रह मात्र इतकाच की, या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापाऱ्याने त्यांचे दस्तक घ्यावे. पोर्तुगीज हेच दोन शतके करीत आले होते. त्याला सत्ता म्हणत! 1712 मध्ये मुंबईच्या गव्हर्नराची नौका पकडून तीतील एका विधवा इंग्रज स्त्रीबद्दल 30,000 रुपयांचा दंड घेतला गेला, ते प्रकरण गौरवाचे खचित नव्हे. परंतु तेवढ्यावरून सारी कारकीर्द लुटारूपणाची ठरत नाही.

स्वकीयांशीही त्यांचा प्रसंग पडला. 1713 मध्ये चालून आलेले शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी कैदच केले. पुढे बाळाजी विश्वनाथांनी समेट घडविला आणि कान्होजी सरखेलपदासह शाहूंच्या पक्षास आले. त्यानंतर इंग्रजांनी 1718 मध्ये खांदेरीवर, 1720 मध्ये तरता तोफखाना घेऊन विजयदुर्गावर चाल केली, दोन्ही व्यर्थ. 1721 अखेर इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले. बाजीराव मदतीस धावले, पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि इंग्रज हात हलवीत परतले.

4 जुलै 1729 रोजी कान्होजी निवर्तले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. ज्या मुंबईच्या किल्ल्यातून त्यांच्यावर मोहिमा निघाल्या, तेथील नाविक तळास 1951 मध्ये आंग्रे हे नाव मिळाले.

मुलांत मात्र भाऊबंदकी माजली. मानाजी कुलाब्यास, तुळाजी विजयदुर्गास, असे आरमार दुभंगले. तुळाजी पेशव्यांना जुमानीनात, म्हणून पेशव्यांनी इंग्रजांचेच साह्य घेतले. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात कान्होजींच्या वारशाचे ते आरमार इंग्रजांच्या तोफांनी पेटले आणि जळून गेले. तुळाजी पुढे पेशव्यांच्या कैदेतच वारले.