निवडुंगाच्या माळावरचा कारखाना : लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

आज सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातून जाताना किर्लोस्करवाडी हे रेल्वे स्टेशन लागतं. पूर्वी या स्टेशनचं नाव कुंडल रोड होतं. सव्वाशे वर्षांपूर्वी इथे ना कारखाना होता, ना वस्ती. होता तो फक्त माळ, निवडुंग आणि साप. त्या माळावर कारखाना उभा राहिला तो एका माणसाच्या जिद्दीने. पण त्या जिद्दीला वेळेवर हात देणारंही कोणी तरी होतं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. शाळेच्या पुस्तकात त्यांचं मन रमेना. चित्रं आणि यंत्रं मात्र जीव की प्राण. थोरले बंधू रामूअण्णा यांनी खर्चाला मदत केली आणि लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होण्याचं स्वप्न तिथेच संपलं. मग ते यंत्रांची ड्रॉइंग शिकले आणि व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी नोकरीवर पाणी सोडलं आणि बेळगाव गाठलं.

बेळगावात दोघा भावांचं सायकलीचं दुकान होतं. दुकानासोबत लहानसं वर्कशॉप सुरू झालं. पण लक्ष्मणरावांचं लक्ष होतं शेतकऱ्याकडे. जनावरांना अख्खा कडबा टाकला की निम्मा वाया जातो, हे पाहून त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं. त्यानंतर 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर आला.

नांगर चांगला होता. जमीन खोलवर उलटत होता, तणाची मुळं वर काढत होता. पण घेणार कोण? पिढ्यान् पिढ्या बाभळीच्या लाकडाचा नांगर धरलेला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी लोकांची समजूत. पहिले नांगर खपायलाच दोन वर्षं गेली. लक्ष्मणराव शेतकऱ्यांवर चिडले नाहीत. वापरणाऱ्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. फाळ लवकर झिजतो अशी तक्रार आली, तर फाळ टणक करायच्या मागे लागले. हळूहळू नांगराला गिऱ्हाईक मिळू लागलं.

तोवर दुसरंच संकट आलं. नवी वस्ती वसवायची म्हणून बेळगावच्या म्युन्सिपालटीने वर्कशॉपची जागा सोडायला सांगितली. वय चाळीस, पदरी संसार, हाताशी कामगार, आणि यंत्रं ठेवायला जागा नाही. धंदा तिथेच बसला असता.

त्याआधी लक्ष्मणरावांनी औंध संस्थानात एका सभागृहाचं बांधकाम घेतलं होतं. संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांचं काम पाहून होते. अडचण कळताच त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळजमीन दिली आणि 10 हजार रुपये कर्ज दिलं. रेल्वे जवळ असल्याने कच्चा माल आणायची आणि तयार नांगर पाठवायची सोय झाली.

1910 साली मार्च महिन्यात लक्ष्मणराव आपली माणसं घेऊन माळावर आले. निवडुंग तोडला, पत्र्याच्या शेड उभारल्या, घरं बांधली. रामूअण्णांनी वसाहतीचा कारभार सांभाळला. आसपासच्या गावातली माणसं कामावर आली आणि हाताखाली शिकत तयार झाली. शिक्षा भोगून सुटलेल्यांवर विश्वास टाकून त्यांना पहाऱ्याचं काम दिलं गेलं. वसाहतीत शिवाशीव चालणार नाही, हा नियम लक्ष्मणरावांनी त्या काळात पाळला.

पहिल्या महायुद्धात परदेशातून येणारं लोखंड थांबलं. कारखाना बंद पडायची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर बनले. दगडी कोळसा मिळेना, तर लाकूडफाट्यावर निभावलं. पण भट्टी विझू दिली नाही.

नांगरामागून उसाचे चरक आणि पाण्याचे पंपही तिथे बनू लागले. 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. त्यांच्या जन्मशताब्दीला, 1969 साली, भारत सरकारने त्यांच्या नावाने टपाल तिकीट काढलं.

ही गोष्ट फक्त एका मोठ्या उद्योगपतीची नाही. 1910 साली लक्ष्मणराव म्हणजे जागा गेलेला एक छोटा कारखानदारच होता. त्यांना वेळेवर जागा मिळाली, भांडवल मिळालं आणि पाठीशी उभं राहणारं माणूस मिळालं. आजही आपल्या गावात कोणी वेल्डिंगचं दुकान टाकतो, कोणी अवजारं बनवतो, कोणी बुरूडकाम नाही तर कुंभारकाम टिकवून आहे. त्यांनाही याच तीन गोष्टी लागतात. ग्रामपंचायतीचा गाळा वेळेत देणं, गावच्या सोसायटीने किंवा बँकेने कर्जाला टाळाटाळ न करणं आणि आपण पहिलं गिऱ्हाईक होणं, एवढं तर आपल्या हातात आहे. वस्तूत खोट असेल तर त्याच्या तोंडावर सांगायची, पण दुकानाकडे पाठ फिरवायची नाही. लक्ष्मणरावांचा फाळ अशाच तक्रारींतून सुधारला.