कलामहर्षी बाबूराव पेंटर : यंत्रजुळणीचे एक साधक

शिवाजी पेठेच्या परिसरात खरी कॉर्नरपाशी असलेला कॅमेरा स्तंभ आपल्या ज्ञातिबांधवांच्या नित्य पाहण्यातील आहे. तो ज्यांची आठवण देतो, त्या कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचे चित्रकार व चित्रपटकार म्हणून गुणवर्णन पुष्कळ झाले आहे. परंतु यंत्राची जुळणी करणारा कारागीर म्हणूनही त्यांची योग्यता थोर होती. तिच्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

बाबूरावांचा जन्म कोल्हापुरात ३ जून १८९० रोजी झाला. वडील कृष्णराव मिस्त्री हे लोहारकाम, चित्रकला व मूर्तिकला यांत निष्णात होते. हे घर हीच बाबूरावांची कलाशाळा. नात्याने बंधू असलेल्या आनंदरावांसह नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून ते नावारूपास आले. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रकट झाला आणि या बंधुद्वयास चित्रपटाचा ध्यास लागला. तोच १९१६ साली आनंदराव निवर्तले व संकल्प अर्ध्यावर राहिला.

विष्णुपंत दामले यांच्या साह्याने बाबूरावांनी तो सिद्धीस नेला. १९१८ साली त्यांचा स्वदेशी कॅमेरा तयार झाला. हे काम किती सूक्ष्म, ते ध्यानी घ्यावे. फिल्मची रुंदी ३५ मिलिमीटर. प्रत्येक चित्रामागे कडेला चार छिद्रे. हाताने दांडा फिरवून सेकंदास सुमारे १६ चित्रे घ्यावयाची. प्रत्येक वेळी फिल्म चार छिद्रे खाली सरकली पाहिजे, क्षणभर निश्चल राहिली पाहिजे, आणि ती सरकत असता पडदीने प्रकाश अडविला पाहिजे. एखादे चाक केसभर चुकले तरी पडद्यावर सारे चित्र थरथरते. म्हणून सुटे भाग उत्तम असून भागत नाही. ते एकमेकांशी जमले पाहिजेत. यंत्र जुळवावे, चालवून पाहावे, दोष कोणत्या सांध्यात आहे ते मापून काढावे, तेवढाच भाग सुधारावा आणि पुन्हा जुळवावे, हाच अशा कामाचा मार्ग होय.

हीच दृष्टी पुढे माणसांच्या जुळणीतही दिसली. महाराष्ट्र फिल्म कंपनीत देखावे, वेषभूषा, छायालेखन, फिल्म धुणे अशी कामे निरनिराळ्या हातांत होती. पण त्या सर्वांचा मेळ एका चित्रात बसावा लागे. १९२० साली ‘सैरंध्री’ व १९२५ साली ‘सावकारी पाश’ हे बोलपट येण्यापूर्वीचे चित्रपट त्यातूनच निर्माण झाले. दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम ही मंडळी येथेच तयार झाली आणि १९२९ साली त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. बाबूरावांच्या पदरी हा वियोग आला, तरी त्यांची विद्या मात्र शिष्यांच्या हाती सुरक्षित राहिली. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आज कोल्हापूर ओतशाळा व यंत्रशाळांचे नगर म्हणून विख्यात आहे. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची चूल त्यांवर पेटते. हातातील कसब हातातच ठेवले, तर ते माणसाबरोबर जाते. आनंदरावांच्या अकाली निधनाने पडलेली उणीव बाबूरावांना सोसावी लागली. त्यांनी सहकारी जोडून ती भरून काढली. आपल्या वडीलधाऱ्या कारागिरांनी आपली मापे लिहून ठेवावीत, चुकलेल्या जुळणीचे कारणही टिपावे, आणि ते तरुणांस मोकळ्या मनाने सांगावे, एवढीच आमची विनंती. त्या स्तंभास याहून योग्य वंदन नाही.