र. धों. कर्वे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून खटला, वकील होते डॉ. आंबेडकर

1934 साली मुंबईच्या कोर्टात एका मासिकाच्या संपादकावर अश्लीलतेचा खटला चालला. गुन्हा काय? वाचकांनी हस्तमैथुन आणि समलैंगिकतेबद्दल प्रश्न विचारले आणि संपादकाने त्यांची उत्तरं छापली.

ते संपादक म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. त्यांचं वकीलपत्र घेतलं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

कोण होते र. धों. कर्वे?

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. जन्म 14 जानेवारी 1882 चा. मॅट्रिकला पहिले आले, पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले.

1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. कॉलेजला हे रुचलं नाही. नोकरी की प्रचार, असा पेच आला तेव्हा 1925 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाई या सगळ्यात त्यांच्या सोबत राहिल्या.

जुलै 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक निघालं. घरात विचारता येत नाही, डॉक्टरांसमोर तोंड उघडत नाही, असे प्रश्न लोक या मासिकाला पत्राने विचारू लागले. कर्वे ना ओरडायचे, ना पापपुण्य सांगायचे. शास्त्र काय म्हणतं, ते सांगायचे.

कोर्टात काय झालं?

1931 च्या पहिल्या खटल्यात कर्व्यांना 100 रुपये दंड झाला होता. 1934 मध्ये आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील ठरत नाही, लोकांच्या मनात शंका असतील तर त्यांना ज्ञान मिळालंच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. समलैंगिकतेबाबत त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाच्या संशोधनाचा आधार घेतला.

तरीही ते खटला हरले. कर्व्यांना 200 रुपये दंड झाला.

कर्वे थांबले नाहीत. टीका आणि पैशांची चणचण सोसत त्यांनी 14 ऑक्टोबर 1953 ला मृत्यू येईपर्यंत मासिक चालवलं.

आज हे का आठवायचं?

कर्व्यांचं मुख्य काम संततिनियमनाचं होतं. समलैंगिकांच्या हक्कांची चळवळ त्यांनी चालवली नाही. पण लाजेपोटी गप्प बसलेल्या माणसाला सरळ उत्तर देणं, हेही आरोग्याचंच काम आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं 1990 मध्ये. भारतात सुप्रीम कोर्टाने प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळले 6 सप्टेंबर 2018 ला. म्हणजे 1934 मध्ये विशीत असलेल्या समलैंगिक माणसाला हा निकाल पाहायला शंभरी ओलांडावी लागली असती. आज साठी-सत्तरीत असलेल्यांचंही जवळपास सगळं आयुष्य लपवण्यात गेलं. तरुणांना कायद्याची भीती उरली नाही, पण घरच्यांची आणि गावाची आहेच. ही भीती एकटं पाडते, झोप उडवते, नैराश्याकडे नेते. ऐकून घेणारं एक माणूस भेटलं, तरी हा भार हलका होतो.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार लैंगिक कलावरून कुणालाही उपचारात भेदभाव करता येत नाही. जालना असो वा मुंबई, सरकारच्या 'टेली मानस' हेल्पलाइनवर 14416 या क्रमांकावर 24 तास मोफत बोलता येतं, मराठीतूनही.