परक्या मुलखात रुजलेला माणूस : मार्लवाईचे हायमेनडॉर्फ

चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलपट्ट्यात बाहेरून येऊन स्थायिक झालेली माणसं कमी नाहीत. बल्लारपूरचा कागद कारखाना, कोळशाच्या खाणी, रेल्वे आणि वनखातं यांच्यामागे देशाच्या कानाकोपऱ्यातून कुटुंबं आली. चामोर्शी, मुलचेरा भागात पूर्व बंगालमधल्या निर्वासितांची गावं वसली. आपल्या समाजातलीही अनेक घरं नोकरी-धंद्यासाठी इथं आली आणि इथलीच झाली. नवीन ठिकाणी आलं की बोली कळत नाही, बाजारात ओळखीचं काही मिळत नाही, शेजारी काय मानतो आणि काय टाळतो याचा पत्ता नसतो. मग इथली माणसं आपल्याला कधी समजून घेणार, असा प्रश्न मनात येतोच. याच पट्ट्याच्या सीमेवर सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी राहायला आलेल्या एका माणसानं हा प्रश्न उलटा करून स्वतःला विचारला होता. त्यांचं नाव क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ.

त्यांची कहाणी आपल्याला जवळची वाटावी याचं एक कारण भूगोलात आहे. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेले राजुरा, कोरपना आणि जिवती हे तालुके तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा नांदेडला जोडला गेला आणि 1959 मध्ये चांदा जिल्ह्यात आला. माणिकगडच्या डोंगरातल्या गोंडांसाठी मात्र ही रेघ कागदावरचीच राहिली. जंगुबाईच्या यात्रेला आजही दोन्ही राज्यांतले गोंड एकत्र येतात.

व्हिएन्ना ते हैदराबाद

हायमेनडॉर्फ यांचा जन्म 1909 मध्ये व्हिएन्नातल्या एका सरदार घराण्यात झाला. 1931 मध्ये तिथल्याच विद्यापीठातून त्यांनी मानववंशशास्त्रात डॉक्टरेट घेतली. पुढे लंडनला शिक्षण झालं आणि 1936 मध्ये ते आसामच्या नागा टेकड्यांत पोहोचले. कोन्याक नागांच्या गावात राहून त्यांनी पहिलं मोठं काम केलं. पुस्तकातून शिकलेलं शास्त्र वेगळं आणि माणसांच्या अंगणात बसून शिकलेलं वेगळं, हे त्यांना तिथं उमगलं. 1938 मध्ये बेटी बर्नार्डो यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढची जवळपास पन्नास वर्षं या दोघांनी कामही जोडीनंच केलं.

1939 मध्ये दोघं हैदराबादला आले आणि महायुद्ध पेटलं. हिटलरनं ऑस्ट्रिया गिळंकृत केलेला असल्यामुळे हायमेनडॉर्फ यांच्या हातात जर्मन पासपोर्ट होता. ब्रिटिशांच्या दृष्टीनं ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना कैदी छावणीत पाठवलं गेलं नाही, पण हैदराबाद संस्थानाबाहेर जायला मनाई झाली. मायदेशी परतायची वाट बंद, पुढे जायचीही बंद. आपल्या मर्जीनं घर सोडणारा आणि अडकून पडलेला यांच्यात मोठा फरक असतो. अडकलेला माणूस बहुतेक वेळा दिवस मोजत बसतो. हायमेनडॉर्फ दाम्पत्यानं तो वेळ संस्थानातल्या आदिवासींना समजून घेण्यात घालवला. आधी कृष्णेच्या खोऱ्यातले चेंचू, मग गोदावरीकाठचे कोंडा रेड्डी आणि शेवटी आदिलाबादचे राजगोंड.

गोंडांचा मुलूख का धुमसत होता

हे दाम्पत्य आदिलाबादला आलं तेव्हा तिथं आग नुकतीच विझली होती, निखारे मात्र तसेच होते. या डोंगरांवर एकेकाळी चांद्याच्या गोंड राजांची सत्ता होती. पुढे राज्य गेलं, तरी जमीन आणि जंगल हातात होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत निजाम सरकारनं जंगलं राखीव करायला घेतली. फिरती शेती बंद झाली, गावं उठवली गेली. 1929 मध्ये काजीपेठ-बल्लारशाह रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि बाहेरच्या शेतकऱ्यांचा, सावकारांचा ओघ वाढला. गोंड पिढ्यान् पिढ्या जमीन कसत होते, पण त्यांच्याकडे पट्टा नव्हता. नव्यानं आलेल्यांना कचेरीची भाषा येत होती, त्यांनी पट्टे मिळवले. त्यांत तेलुगू होते, मराठी होते, मुसलमानही होते. ही गोष्ट आपण लपवू नये.

या अन्यायाविरुद्ध कुमराम भीम उभे राहिले. 1940 मध्ये जोडेघाटच्या डोंगरावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि त्यांचे साथीदार मारले गेले. बंड मोडलं, पण लोक असे जिवावर उदार का झाले, हा प्रश्न सरकारपुढे उरला. हायमेनडॉर्फ यांच्या कामाला महत्त्व आलं ते यामुळे.

मार्लवाईची झोपडी

हायमेनडॉर्फ यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी बंगला घेतला नाही. उटनूरच्या बाजूच्या डोंगरात मार्लवाई नावाचं गोंड गाव आहे. तिथं गावातल्यासारखंच मातीचं, गवतानं शाकारलेलं घर करून दोघं राहिले. हिवतापाचा मुलूख, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, आणि गोऱ्या साहेबाकडे संशयानं पाहणारी माणसं. तरी त्यांनी मुक्काम हलवला नाही.

पहिलं काम भाषेचं. गोंडी ही द्रविड कुळातली भाषा, तेलुगूची नातलग. जर्मन बोलणाऱ्या माणसाला तिचा कुठलाच धागा ओळखीचा नव्हता. गोंडांना मराठी समजायची, कचेरीत उर्दू चालायची, दुभाष्यावर निभावलंही असतं. पण दुभाष्यामार्फत फक्त सवाल-जवाब होतात, गप्पा होत नाहीत. म्हणून ते गोंडी शिकले.

भाषेपाठोपाठ समाजाची घडी उलगडत गेली. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे अशी गोंडांची कुळं असतात आणि लग्नसंबंध त्यावरून ठरतात. प्रत्येक कुळाची उत्पत्तिकथा परधान किंगरीच्या साथीनं गातात. लिहिलेला ग्रंथ नाही, पण शेकडो वर्षांचा इतिहास परधानांच्या गळ्यात जपलेला. दिवाळीच्या सुमारास मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी गावोगाव नाचत जातात. पुष्य महिन्यात केसलापूरला मेश्राम कुळाची नागोबाची जत्रा भरते. हायमेनडॉर्फ हे सगळं पाहुणा म्हणून बघत राहिले, ऐकत राहिले, लिहीत राहिले. आदिलाबादच्या राजगोंडांवरचा त्यांचा ग्रंथ 1948 मध्ये प्रसिद्ध झाला.

ऐकल्यानंतरची जबाबदारी

नुसतं लिहून ते थांबले नाहीत, म्हणून आज त्यांची आठवण काढावीशी वाटते. गोंडांचं दुखणं जमिनीचं आहे, हे त्यांनी सरकारला स्पष्ट कळवलं. तेव्हाचे महसूलमंत्री ग्रिगसन यांनी स्वतः बस्तरच्या माडिया गोंडांवर पुस्तक लिहिलेलं होतं, त्यामुळे हे म्हणणं ऐकून घेतलं गेलं. गोंडांना आणि इतर आदिवासींना जमिनीचे पट्टे द्यायला सुरुवात झाली. चाळीसचं दशक संपेपर्यंत एक लाख एकरांहून अधिक जमीन त्यांच्या नावावर झाली.

दुसरं काम शाळेचं. 1943 मध्ये मार्लवाईत गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करणारं केंद्र सुरू झालं. गोंडीत वाचनाची पुस्तकं निघाली, तीही देवनागरीत. मुलाला आधी घरच्या बोलीत अक्षर कळावं, मग बाहेरच्या भाषा शिकाव्यात, हा त्यामागचा विचार. आज मातृभाषेतल्या शिक्षणावर आपल्याकडे परिसंवाद झडतात. त्या डोंगरात ते ऐंशी वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. केसलापूरच्या जत्रेत गोंडांच्या तक्रारी अधिकाऱ्यांनी तिथंच बसून ऐकायच्या, हा दरबारही त्याच दशकातला. तो आजही भरतो.

1945 नंतर ते निजाम सरकारचे आदिवासीविषयक सल्लागार आणि उस्मानिया विद्यापीठात प्राध्यापक झाले. आदिवासींच्या जमिनीला संरक्षण देणारा 1356 फसलीचा कायदाही याच काळात आला. ज्या हुकूमतीत हा अन्याय झाला, त्याच हुकूमतीत तो दुरुस्त करण्याची धडपडही झाली. इतिहास वाचताना आपण दोन्ही पानं वाचायला हवीत.

या कामात एक मराठी नावही आहे. सेतुमाधवराव पगडी. फारसी आणि उर्दूचे जाणकार, सूफी संप्रदायावर लिहिणारे इतिहासकार म्हणून आपले वाचक त्यांना ओळखतात. हैदराबाद संस्थानाच्या नोकरीत असताना तेही आदिलाबादला होते. तेही गोंडी शिकले आणि आदिलाबादच्या गोंडांवर त्यांनी पुस्तक लिहिलं. निलंग्यात जन्मलेल्या माणसालाही हा मुलूख परकाच होता. तोही त्याच वाटेनं आत शिरला.

हायमेनडॉर्फ यांना देवमाणूस करण्याची गरज नाही. त्यांच्या शब्दाला वजन आलं ते पाठीशी असलेल्या सरकारमुळे. आणि हक्काची मागणी आधी गोंडांनीच केली होती, त्यासाठी जीवही त्यांनीच दिला होता. हायमेनडॉर्फ यांचं मोठेपण एवढंच की बाहेरून येऊनही त्यांनी ती मागणी नीट ऐकली आणि जिथं ऐकली जायला हवी होती तिथं पोहोचवली.

परतणं आणि राहणं

1949 नंतर ते लंडनला गेले, तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. नेपाळच्या शेर्पांवरचं त्यांचं काम जगभर गाजलं. पण मार्लवाई सुटली नाही. ते वारंवार येत राहिले. सत्तरच्या दशकात आले तेव्हा गोंडांच्या नावावर झालेल्या जमिनी पुन्हा बाहेरच्यांच्या हातात जाताना त्यांना दिसल्या. 1982 च्या पुस्तकात त्यांनी ती हकिगत न कचरता मांडली.

1987 मध्ये बेटी यांचं हैदराबादमध्ये निधन झालं. त्यांचं दफन मार्लवाईत झालं. हायमेनडॉर्फ 1995 मध्ये लंडनला वारले. पुढे त्यांच्या अस्थीही मार्लवाईत आणून पत्नीच्या शेजारी ठेवल्या गेल्या. दरवर्षी 11 जानेवारीला, बेटी यांच्या स्मृतिदिनी, गोंड तिथं जमतात. गावातल्या काही मुलांना या दोघांची नावं ठेवली गेली. गोंड घरात एलिझाबेथ नावाची मुलगी असणं, याहून मोठी पावती कुठल्या परक्याला मिळणार?

आपल्यातले अनेक जण आज नोकरीसाठी, शिक्षणासाठी, संसारासाठी दूरच्या मुलखात जातात. कुणी गडचिरोलीत शिक्षक होतो, कुणी एटापल्लीत दुकान टाकतो, कुणी भामरागडात बदलीवर जातो. बदली होईपर्यंत दिवस काढायचे, असं म्हणूनही राहता येतं. पण शेजाऱ्याच्या बोलीतले चार शब्द शिकले, त्याच्या सणाचं नाव लक्षात ठेवलं आणि त्याच्या जमिनीवर डोळा न ठेवता त्याच्या बाजूनं एक अर्ज लिहून दिला, तर परका माणूस हळूहळू आपला होतो. मार्लवाईच्या त्या दोन कबरी आपल्याला हेच सांगतात.