चंद्रावर स्वारी करणारा जादूगार

पॅरिसमधील ‘ग्रां कॅफे’च्या तळघरात २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिए बंधूंनी आपली हलती चित्रे सशुल्क दाखवली. त्या प्रेक्षकांमध्ये एक व्यावसायिक जादूगारही होता. जॉर्ज मेलिएस हे त्याचे नाव. ल्युमिएंना या शोधात जगाची नोंद करणारे यंत्र दिसत होते. मेलिएस यांना मात्र त्यात जगात नसलेले काही दाखवण्याची सोय दिसली. स्वप्न, भास आणि अद्भुत यांवर उभ्या असलेल्या चित्रपटांची परंपरा तेथून सुरू होते.

मेलिएस यांचा जन्म ८ डिसेंबर १८६१ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडिलांचा उंची पादत्राणांचा कारखाना होता; मुलाचे मन मात्र चित्रकला आणि जादूत रमले. १८८८ मध्ये कारखान्यातील आपला वाटा भावांना विकून त्यांनी ‘रोबेर-उदाँ’ हे जादूच्या प्रयोगांचे प्रसिद्ध नाट्यगृह विकत घेतले. ल्युमिएंनी आपले यंत्र विकण्यास नकार दिला, तेव्हा त्यांनी लंडनच्या रॉबर्ट पॉल यांच्याकडून प्रक्षेपणयंत्र आणले आणि त्याच्या आधारे स्वतःचा कॅमेरा तयार केला.

एकदा रस्त्यावर चित्रण चालू असताना कॅमेरा क्षणभर अडकला. फीत पडद्यावर पाहिली, तर धावत्या बसची जागा एकाएकी शववाहिकेने घेतलेली! हा किस्सा ते स्वतः सांगत. कॅमेरा थांबवायचा, वस्तू बदलायची आणि पुन्हा सुरू करायचा, ही युक्ती त्यांनी पुढे हुकमी केली. एकाच फितीवर अनेकदा चित्रण करून १८९८ च्या एका लघुपटात त्यांनी स्वतःचे मस्तक धडावेगळे करून टेबलावर ठेवले. तेही एकदा नव्हे, तीनदा.

मोंत्रय येथे १८९७ मध्ये त्यांनी काचेच्या भिंतींचा स्टुडिओ बांधला. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि नट ते स्वतःच असत. १९०२ मधील ‘अ ट्रिप टू द मून’मध्ये तोफेतून सुटलेले यान चंद्राच्या डोळ्यात रुतते. या दृश्याने ते जगभर पोहोचले. पण अमेरिकेत त्याच्या चोरट्या प्रती निघाल्या आणि नफा भलत्यांनीच कमावला.

पुढे प्रेक्षकांची अभिरुची बदलली, कर्ज वाढले आणि १९१२ नंतर त्यांची निर्मिती थांबली. पहिल्या महायुद्धात सैन्याने त्यांच्या शेकडो फिती ताब्यात घेऊन वितळवल्या. त्यांतील सेल्युलॉइड बुटांच्या टाचांसाठी वापरले गेले. जोड्यांचा धंदा सोडून आलेल्या माणसाची कला अखेर जोड्यांच्याच कामी आली. १९२३ मध्ये स्टुडिओ गेला, नाट्यगृह पाडले गेले आणि उद्विग्न मेलिएस यांनी उरलेल्या मूळ फिती स्वतःच्या हाताने जाळल्या. काही वर्षे ते मोंपार्नास रेल्वे स्थानकात खेळण्यांचे दुकान चालवत होते. तेथेच एका पत्रकाराने त्यांना ओळखले. १९२९ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचा गौरव झाला, तर १९३१ मध्ये त्यांना ‘लेजियन ऑफ ऑनर’ हा सन्मान मिळाला आणि तो प्रदान केला लुई ल्युमिए यांनी. २१ जानेवारी १९३८ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे दादासाहेब फाळके हेही आधी जादूगार होते. आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने ते प्रयोग करीत. ‘लंकादहन’ आणि ‘कालिया मर्दन’मधील चमत्कारदृश्यांमागे हीच जादूगाराची नजर होती.

मेलिएस यांच्या पाचशेहून अधिक चित्रपटांपैकी दोनशेच्या आसपासच आज उपलब्ध आहेत. सुरुवात ‘अ ट्रिप टू द मून’ने करावी, तो जेमतेम पाव तासाचा आहे. त्याची हाताने रंगवलेली, हरवली असे मानली गेलेली प्रत १९९३ मध्ये बार्सिलोनात मिळाली आणि दुरुस्तीनंतर २०११ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. त्यानंतर १९०४ चा ‘द इम्पॉसिबल व्हॉयेज’ आणि १९१२ चा ‘द काँक्वेस्ट ऑफ द पोल’ पाहावेत. मार्टिन स्कॉर्सेसी यांचा ‘ह्यूगो’ (२०११) शेवटी पाहावा. रेल्वे स्थानकात खेळणी विकणारा त्यातील अबोल म्हातारा कोण, हे तोवर उमगलेले असेल.